जिथे मशीन जास्त ओरडतं, तिथेच शोधायचं

(ऑडिओ भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

मी देवपूरहून बोलतोय, आपल्या धुळ्यातून. हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी करा, कारण सुरुवातीलाच एक आवाज ऐकवणार आहे.

(मेटल डिटेक्टरचा आवाज, दहा सेकंद)

ऐकलंत? दहा सेकंदांत सतरा वेळा वाजलं, मी मोजलंय. गंमत अशी की तेव्हा मी काहीच करत नव्हतो. मशीन हातात धरून मावशीच्या शेतात नुसता उभा होतो. खाली सोनं नाही, लोखंड नाही, साधा खिळाही नाही. तरी मशीन ओरडतंय.

आजचा भाग या आवाजाबद्दल आहे. विजेच्या तारा, डीपी, मोटारी यांच्यामुळे मशीन का बडबडतं, जमिनीत कचरा असेल तर काय करायचं, आणि या सगळ्यात खरा आवाज कसा ओळखायचा. पण आधी गोष्ट सांगतो, कारण त्या शेतात मी हौस म्हणून गेलो नव्हतो.

वलवाडीच्या पुढे माझ्या मावशीचं शेत आहे, कपाशीचं. दिवाळीनंतरची वेचणी सुरू होती. मावशी स्वतः बायकांबरोबर वेचायला होती. संध्याकाळी घरी आली, गळ्याला हात लावला, तर पोतीचा दोरा तुटलेला. काळे मणी पदरात अडकलेले, एक वाटी ब्लाउजमध्ये मिळाली. दुसरी वाटी नाही. दोन ग्रॅमच्या आसपास सोनं. तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेलेला, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. पण मावशीला भावाचं काही नव्हतं. ती पोत तिच्या लग्नातली होती.

त्याहून वाईट पुढे झालं. दोन दिवस शोधून वाटी मिळाली नाही आणि घरात कुजबूज सुरू झाली. वेचणीला येणाऱ्या बायकांमध्ये एक आक्का आहेत, त्या मावशीच्या शेजारच्या ओळीत होत्या. कुणी तोंडावर बोललं नाही. पण तिसऱ्या दिवशी त्यांना कामाला बोलावणं गेलं नाही. खेड्यात एवढं पुरतं. हरवलेली वस्तू सापडली नाही, की ती कुणाच्या तरी नावावर जमा होते.

मला मावसभावाचा फोन आला : "तुझं ते मशीन घेऊन ये."

गेलो. मशीन चालू केलं, सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर. मला वाटलं, जेवढी ताकद जास्त तेवढं लवकर सापडेल. आणि मग तो आवाज, जो तुम्ही आत्ता ऐकला. पहिल्या दिवशी मी चाळीसेक खड्डे खणले. काय निघालं? बैलाच्या नालेचे खिळे. बांधायच्या तारेचे तुकडे. सोड्याच्या बाटलीची बुचं. डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट. आणि औषधाच्या बाटल्यांच्या तोंडावर असतं ना, ते चंदेरी सील, ती तर किती! फवारणी करताना प्रत्येक जण सील फाडतो आणि तिथेच टाकतो. माझी आजी बांधावर बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "हाई मशीन काब्रं बोंबली राह्यनं?" म्हणजे, हे मशीन का बोंबलतंय? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री घरी येऊन मी वाचत बसलो, आणि मला एक जुनी गोष्ट सापडली.

१८८१ साल. २ जुलैला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळी झाडली गेली. गोळी शरीरात राहिली. ती नेमकी कुठे आहे ते कळेना, कारण एक्स-रे तेव्हा नव्हताच. मग टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढे आले. त्यांनी तारेच्या वेटोळ्यांचं एक यंत्र केलं. धातूजवळ आलं की टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये आवाज येणार. आपल्या आजच्या मशीनचं हे पणजोबाच म्हणा. बाहेर चाचणी केली तर यंत्र बरोबर चाललं. राष्ट्राध्यक्षांजवळ नेलं, तर गोळीची जागा काही सापडेना. दोन कारणं पुढे आली. एक, त्यांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. स्प्रिंगांच्या गादीची तेव्हा नवलाई होती, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि दुसरं, मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून शोध उजव्या बाजूलाच झाला. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले.

मी तिथे थांबलो. आजूबाजूचं लोखंड, आणि आधीच ठरवून टाकलेली जागा. मावशीच्या शेतात मीही हेच करत होतो. मावशी म्हणाली वाटी ओळीतच पडली असणार, म्हणून मी फक्त ओळी शोधल्या. आणि बांधाजवळच्या लिंबाखाली मशीन सगळ्यात जास्त ओरडत होतं, म्हणून ती जागा मी सोडूनच दिली.

आता थोडं मशीन समजून घेऊ. सोप्या भाषेत सांगतो, झोपू नका.

मशीनच्या खाली जी गोल थाळी असते, म्हणजे कॉइल, तिच्यात दोन वेटोळी असतात. एक वेटोळं जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं, सेकंदाला काही हजार वेळा बदलणारं. हौशी लोकांची बरीच मशीनं ६ ते २० किलोहर्ट्झच्या दरम्यान चालतात. खाली धातू असला की त्यात छोटे छोटे विद्युत प्रवाह फिरायला लागतात, आणि ते स्वतःचं क्षीण क्षेत्र तयार करतात. दुसरं वेटोळं ते क्षीण क्षेत्र ऐकतं. म्हणजे आपलं मशीन सगळ्यात आधी एक कान आहे. फार तिखट कान.

आणि तिखट कानाला सगळंच ऐकू येतं. आपल्या तारांमधली वीज ५० हर्ट्झची. ती एकटी असती तर फार त्रास नसता. पण डीपीवरचे ढिले जोड, मोटारींचे स्टार्टर, सोलर पंपाचा कंट्रोलर, घरातला इन्व्हर्टर, एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर, हे सगळे वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट करतात. त्यातला काही गोंगाट मशीनच्या पट्ट्यात येऊन पडतो.

मग ओळखायचं कसं की मशीन विजेमुळे ओरडतंय की जमिनीमुळे? यासाठी एक सोपी परीक्षा आहे. थाळी हलवायची नाही. स्थिर धरायची. हलवत नसतानाही वाजतंय? मग तो विजेचा त्रास. स्थिर असताना गप्प आणि फिरवली की वाजतंय? मग तो जमिनीचा किंवा कचऱ्याचा. दोन वेगळे आजार, दोन वेगळी औषधं. मी पहिल्या दिवशी दोन्हीवर एकच औषध देत होतो, खणणं.

दुसऱ्या दिवशी मी विजेपासून सुरुवात केली. पहिला चोर माझ्याच खिशात होता, माझा मोबाइल. तो काढून मोटारसायकलच्या डिकीत ठेवला, अर्धी बडबड कमी झाली. तुम्ही शोधताना पॉडकास्ट ऐकत असाल तर माफ करा, पण तेवढा वेळ मलाही बंद ठेवा. (हसतो)

उरलेल्या आवाजात एक ठेका होता. टक... टक... टक... साधारण सेकंदाला एक. तुमच्यातल्या शेतकरी पोरांनी ओळखलं असेल. झटका मशीन! शेजारच्या शेतात रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं. ते तारेत दर सेकंदाला एक झटका सोडतं आणि प्रत्येक झटका माझ्या कानात. शेजारच्या काकांना विनंती केली, त्यांनी तासाभरासाठी बंद केलं. एक गोष्ट इथे स्पष्ट सांगतो. झटका मशीन वेगळं आणि कुंपणात थेट लाइनची वीज सोडणं वेगळं. दुसरा प्रकार बेकायदा आहे आणि त्याने माणसं मरतात. असं कुंपण दिसलं तर मशीन घेऊन जवळपासही फिरू नका.

तिसरा होता डीपी, बांधाला लागूनच. तो काही बंद करता येत नाही, आणि करायचाही नाही. डीपीला, त्याच्या ताणाच्या तारेला हात नाही, त्याच्या अर्थिंगजवळ खणणं नाही. पण आपल्याकडे एक सोय आहे, जिला आपण रोज शिव्या देतो. शेतीची थ्री फेज कधी दिवसा असते, कधी रात्री. मी मावसभावाला विचारलं, आज लाईट किती वाजता जाते? आणि त्या वेळेची वाट बघत बसलो. लाईट गेली, आजूबाजूच्या मोटारी थांबल्या, आणि मशीन असं शांत झालं की मला वाटलं बॅटरी संपली. आयुष्यात पहिल्यांदा मी लाईट गेल्यावर आनंदाने ओरडलो.

पण सगळीकडे ही सोय नसते. देवपूरच्या कॉलनीत, दिव्याच्या खांबाखाली, मोठ्या लाइनच्या जवळ शोधायचं असेल तर? तेव्हा हे करा. मशीनमध्ये नॉइज कॅन्सल किंवा फ्रिक्वेन्सी बदलायचं बटण असेल तर थाळी स्थिर धरून ते वापरा, मशीन स्वतःला थोडं इकडेतिकडे सरकवून शांत पट्टा शोधतं. थाळीची दिशा बदलून बघा. अँटेनासारखं असतं ते, एका बाजूला वळवली की गोंगाट कमी होतो. लहान थाळी असेल तर ती लावा, ती बाहेरचा गोंगाट कमी गोळा करते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेन्सिटिव्हिटी खाली आणा.

इथे पोरं माझ्याशी भांडतात. "दादा, सेन्सिटिव्हिटी कमी केली तर खोलवरचं सापडणार नाही ना?" बरोबर आहे. पण विचार करा, तुम्ही काय शोधताय? मावशीची वाटी तीन दिवसांपूर्वी पडली. मध्ये वखर नाही, पाऊस नाही. ती वितभर खोल कशाला जाईल? ती वरच्या दोन-तीन बोटांत असणार. मग वितभर खोलीची ताकद कशाला हवी? ती ताकद फक्त गोंगाट ऐकायला वापरली जाते. मी सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली. मशीन कमी ऐकायला लागलं, आणि मला जास्त समजायला लागलं.

आता दुसरा आजार, जमीन. आपली खान्देशची काळी म्हणजे बेसाल्टच्या काळ्या दगडाची माती. त्या दगडातच लोहाची चुंबकीय खनिजं बारीक कणांनी भरलेली. लाउडस्पीकरचं जुनं चुंबक कोरड्या मातीत फिरवून बघा, काळी पूड चिकटून येईल. मशीनला ही मातीसुद्धा ऐकू येते. म्हणून आधी ग्राउंड बॅलन्स करायचा. धातू नसलेली जागा बघायची, थाळी जमिनीवर वितभर उंचीपर्यंत वरखाली करायची, आणि मशीनला सांगायचं की बाबा, हा आवाज मातीचा आहे, हा सोड. शेताच्या एका टोकाला केलेला बॅलन्स दुसऱ्या टोकाला चालेलच असं नाही. मुरूम लागला, विटांचा चुरा लागला, की पुन्हा करायचा. भट्टीत भाजलेली वीट तर खोटा आवाज देण्यात पटाईत.

आणि मग कचरा. इथे मला मशीनपेक्षा माणसांनी जास्त शिकवलं.

लाईट जायची वाट बघत मी बांधावर बसलो होतो, तेव्हा मला वाटलं, मावशीच्या शेजारच्या ओळीत कोण होतं? आक्का. मग आपण आक्कांना काही विचारलंच नाही. ज्यांच्यावर संशय, त्यांना कुणी प्रश्न विचारत नाही, फक्त बघतात. मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "आक्का, त्या दिवशी तुम्ही मावशीबरोबर होतात. तुम्हाला काय आठवतं?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लिंबखाल जेवाले बसनूत ना, तव्हय बाईनी पोत ढिली व्हयेल व्हती." लिंबाखाली जेवायला बसलो तेव्हाच पोत ढिली झालेली होती.

लिंबाखाली. तीच जागा, जी मी सोडून दिली होती.

आणि विचार केला तर ते बरोबरच होतं. कचरा कुठे असतो? जिथे माणसं बसतात. गोळ्यांची पाकिटं, बुचं, सील, तार, सगळं सावलीत. आणि वस्तू कुठे पडतात? तिथेच. आपल्या एकविरा देवीच्या यात्रेनंतर मैदान बघा. सगळ्यात जास्त कचरा जिथे, तिथेच कुणाचं तरी पैंजण पडलेलं असतं. ओळीत माणूस चालत असतो. सावलीत तो बसतो, पदर झटकतो, वाकून पाणी पितो.

मग लिंबाखाली काय केलं ते ऐका, हे तुम्हाला कुठेही उपयोगी पडेल.

आधी तुटक्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सगळ्या जागेवरून ओढलं. खिळे, तारेचे तुकडे, बुचं, मूठभर लोखंड निघालं. सोनं चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे भीती नाही. मग सुतळी आणि काड्या लावून जागेचे पट्टे पाडले, हातभर रुंदीचे. लहान थाळी लावली, आणि अगदी हळू फिरवली. कचऱ्याच्या जागी घाईने फिरवलं तर शेजारशेजारच्या दोन वस्तूंचा एकच आवाज होतो आणि लोखंडाचा आवाज सोन्याचा आवाज गिळून टाकतो.

आता सगळ्यात मोठा सापळा. मशीनवर डिस्क्रिमिनेशन असतं, म्हणजे नको त्या धातूला गप्प करायची सोय. पोरं काय करतात, लोखंड बंद, फॉइलही बंद, आता फक्त सोनं वाजेल म्हणतात. नाही वाजणार! पोतीची वाटी म्हणजे पातळ पत्र्याची छोटीशी टोपी. मशीनच्या दृष्टीने ती आणि औषधाच्या बाटलीचं सील जवळपास सारखेच. फॉइल गप्प केलं की वाटीही गप्प झाली.

म्हणून मी मावशीकडून दुसरी वाटी मागून घेतली, जी मिळालेली होती. दोरा ओवून ती जमिनीवर ठेवली आणि मशीनला ऐकवली. आडवी, उभी, दोन बोटं मातीखाली. पडद्यावर कोणता आकडा येतो, आवाज किती जाड, किती लांब. दहा मिनिटं फक्त ऐकलं. कुणा यूट्यूबवाल्याच्या मशीनचा आकडा पाठ करू नका. तुमचं मशीन, तुमची माती, आणि हरवलेल्या वस्तूची जोडी मिळाली तर त्याच्याहून मोठा गुरू नाही.

मग एकेक पट्टा. आवाज आला की उलट्या बाजूने फिरवायचं, मग नव्वद अंशात फिरून पुन्हा. दोन्हीकडून सारखा, गोल आवाज आला तरच खुरपं. एका बाजूने वाजला आणि दुसऱ्या बाजूने फाटला, तर बहुतेक वाकडं लोखंड. सील निघालं, पिशवीत. पुन्हा सील, पिशवीत. परत जमिनीवर टाकायचं नाही, नाहीतर पुढच्या पट्ट्यात तेच पुन्हा भेटतं. अकरा सील निघाली. बाराव्या आवाजाला मी सवयीने पिशवी पुढे केली, आणि खुरप्याच्या टोकावर माती पिवळी चमकली.

मावशीने वाटी हातात घेतली, कपाळाला लावली आणि काही बोललीच नाही. संध्याकाळी ती एकटी आक्कांच्या घरी गेली. मी बरोबर नव्हतो, काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी वेचणीला आक्का होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "सापडनी ना? बस."

(थोडा वेळ शांतता)

आता शेवटचं, आणि हे ऐकल्याशिवाय बंद करू नका. असे भाग ऐकले की मेसेज येतात : दादा, लळिंगच्या किल्ल्यावर जाऊया का, थाळनेरला जाऊया का. नाही जायचं. संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. आणि तुमच्या स्वतःच्या शेतात जरी जुनं गाडलेलं धन सापडलं, तरी १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मावशीची वाटी वेगळी, तिचा मालक माहीत होता, समोर उभा होता.

कायद्यामागे कारणही आहे. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या : रथ, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून साठ किलोच्या वर. जगभर नाव झालं. पण त्या शास्त्रीय उत्खननात, मातीच्या थरात जागच्या जागी मिळाल्या नाहीत, म्हणून त्या नक्की कोणत्या काळच्या यावर अभ्यासक अजून वाद घालतात. वस्तू राहिली, तिच्या मातीची साक्ष गेली. जुन्या वस्तूंची आवड असेल तर धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय आहे, तिथे जा. आणि गुप्तधनाच्या नावाने पूजा-बळी सांगणारा भेटला तर त्याच्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. शंभर फुटांवरून सोनं दाखवणारी मशीनं विकणारे त्याचेच चुलतभाऊ. थाळीच्या आकाराच्या फार पलीकडे, एवढ्याशा वस्तूपर्यंत कुठलाच डिटेक्टर पोचत नाही.

तर मंडळी, मशीन ओरडायला लागलं की पळू नका आणि ताकदही वाढवू नका. थाळी स्थिर धरा. मोबाइल दूर ठेवा. ताकद कमी करा. मातीची ओळख करून घ्या. कचरा उचला, आणि परत टाकू नका. आणि शोधायला सुरुवात करण्याआधी तिथे जे जे हजर होते त्या सगळ्यांना विचारा, ज्यांच्यावर संशय आहे त्यांना आधी.

तुमच्याकडे कुणाचं काही हरवून सापडलं असेल, तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. अहिरानीत पाठवलंत तर अजून बरं. येतो मग. लाईट गेली की भेटू!